पहिला प्रश्न पिवळ्या फितीचा

उमाटे मॅडमचा चेहरा मी नंतर पाहिला. आधी पाहिला तो त्यांचा उजवा तळहात.

नागपुरातल्या एका महाविद्यालयाचं सभागृह होतं. हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांची वार्षिक परिषद चालू होती. व्यासपीठावर माझ्याच वयाचा एक मुलगा आपलं पहिलं भाषण कसंबसं संपवून घाम पुसत उभा होता. प्रश्न विचारा, असं म्हणायचा अवकाश, पुढच्या रांगेतून एक वजनदार हात वर झाला. त्यासरशी अध्यक्षांच्या खुर्चीतल्या बाईंनी टेबलावर चार बोटं उंचीवर आपला तळहात आडवा धरला. दूध उतू जायच्या बेतात असताना आपण नुसताच हात पुढे करतो, तसा. वर झालेला हात खाली गेला. मग त्या बाई काही न बोलता सभागृहाच्या मागच्या रांगांकडे पाहत बसल्या. पाहतच बसल्या. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

मागच्या रांगांत आम्ही होतो, छातीवर पिवळी फीत लावलेले. सकाळी नोंदणीच्या टेबलावर एका मुलीनं विचारलं होतं, "पहिल्यांदाच आलात?" मी हो म्हटलं, तर तिनं ती फीत माझ्या ओढणीला टाचली. मला वाटलं, जेवणाच्या वेळी आम्हाला वेगळं बसवायचं असेल. तसा अनुभव शाळेत आणि एक-दोन लग्नांत आलेला होता, म्हणून विशेष वाईटही वाटलं नाही.

शेवटी आमच्यातल्याच एका मुलीनं हात वर केला आणि चाचरत विचारलं, "तुमचा पर्जन्यमापक झाडाखाली आहे का?"

सभागृह हसलं. व्यासपीठावरचा मुलगा मात्र हसला नाही. तो म्हणाला, "खाली नाही. म्हणजे, जवळ आहे. कडुनिंब आहे एक."

हसणं थांबलं. पाऊस मोजायचं भांडं झाडाच्या आडोशाला असेल, तर पुढचं सगळं गणित कोरडंच. बाई आता प्रथमच हसल्या आणि त्यांनी तळहात उचलला. "आता ज्येष्ठांनी विचारावं," त्या म्हणाल्या.

हा त्यांचा नियम होता. परिषदेला जो पहिल्यांदा आला त्याला पिवळी फीत, आणि नवख्याचं भाषण झालं की पहिला प्रश्न पिवळ्या फितीचा. तो येईपर्यंत प्राध्यापक असो, शास्त्रज्ञ असो, की दिल्लीचा कोणी संचालक, सगळ्यांनी थांबायचं.

त्या दिवशी जेवणाच्या वेळी आम्हाला कोणी वेगळं बसवलं नाही. पण बसायचंच नव्हतं, उभ्यानं जेवायचं होतं, आणि ते जास्त अवघड होतं. वडाभात, पाटवडीचा रस्सा, संत्रा बर्फी असा बेत. मोठी माणसं गोल करून उभी, आणि प्रत्येक गोलाची पाठ आपल्याकडे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील कळमेश्वरच्या एमआयडीसीत कामगार. परिषदेला जाते म्हटल्यावर त्यांनी विचारलं होतं, "जिल्हा परिषदेत काम लागलं का तुले?" नाही म्हणून समजावून सांगितलं, तर म्हणाले, "इतक्या मोठ्या लोकाइत तू काय करशीन?" तेच मी आता करत होते. ताट धरून एका खांबाला टेकून उभी होते.

"काहून वं, खांब पडून राहिला का?"

मघाच्याच बाई. ठळक काठाची सुती साडी आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट.

"नाही मॅडम."

"मंग कायले टेका देऊन राहिली त्याले? चाल."

गळ्यातल्या ओळखपत्रावरचं माझं नाव वाचून, कोपर धरून त्यांनी मला थेट एका गोलात नेलं. तिथं ज्यांचं पुस्तक आम्हाला अभ्यासाला होतं, ते दिल्लीचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ वड्याचा तुकडा तोंडाशी नेत होते. मला वाटलं, आता माझी ओळख करून देतील, मला काहीतरी बोलावं लागेल, आणि ते मला येणार नाही. मॅडम म्हणाल्या, "सर, ही प्रणाली गावंडे. पहिल्यांदा आली आहे. तुमची पहिली परिषद कशी झाली, ते सांगा तिला."

त्यांनी तोंडाशी आणलेला घास परत ठेवला आणि सांगितलं. त्या काळी प्लास्टिकच्या पारदर्शक कागदावर नकाशे काढून दिव्यावर ठेवायचे. त्यांनी आपला नकाशा उलटा ठेवला. पडद्यावर मान्सून हिमालयातून निघाला आणि कन्याकुमारीला संपला. घाबरून त्यांनी तो तसाच समजावून सांगितला, कारणांसकट. सांगताना ते इतके हसले की रस्सा सांडला. मीही हसले, आणि हसता हसता कधी बोलायला लागले ते मला कळलंच नाही.

नवख्याला मोठ्या माणसाकडे नेलं, तर नवख्याला बोलायला लावायचं नाही, मोठ्याला त्याची फजिती सांगायला लावायची, हा मॅडमचा ठरलेला डाव होता. पुढच्या वर्षांत तो किती जणांवर टाकताना मी त्यांना पाहिलं! काही मोठी माणसं त्यांना पाहून गोलातून काढता पाय घ्यायची.

पुढे मी त्यांच्याकडेच पीएचडीला लागले आणि त्या मला रोजच्या झाल्या. त्यांच्या दोन भाषा होत्या. माईकवर अगदी पुस्तकी, आणि माईक बंद झाला की निखळ नागपुरी. परिषदेत विद्यार्थ्यांची पोस्टर्स नेहमी व्हरांड्यात, पाण्याच्या कूलरजवळ लावलेली असायची. बाकीचे ज्येष्ठ पाणी प्यायला तिकडे जात. मॅडम प्रत्येक पोस्टरपुढे उभ्या राहायच्या. बूट त्यासाठीच होते. "छान" हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नाही. त्या म्हणायच्या, "सांग." पोरगं सांगायचं. मग त्या म्हणायच्या, "मले समजून राहिलं नाही. पुन्हा सांग." त्यांना समजलेलं असायचं. पण दुसऱ्यांदा सांगताना पोराला स्वतःला नीट समजायचं.

देशकर सर त्यांच्या बरोबरीचे, त्याच विभागातले, आणि स्वभावानं बरोबर उलटे. परिषदेतला तो वजनदार हात त्यांचाच. "माझा प्रश्न नाही, एक टिप्पणी आहे," अशी सुरुवात करून ते चहाची वेळ खायचे. मॅडम म्हणायच्या, "टिप्पणी चहासोबत द्या सर. बिस्किटं संपली की ऐकायले कोणी थांबत नाही."

"निर्मला, तू परिषदेची बालवाडी करून टाकली," ते चिडून म्हणायचे.

"मंग काय झालं? आपण तं पेन्शनच्या वाटेवर. उद्या बालवाडीतलेच बसतीन ना या खुर्च्याइत."

"अन् ती शांतता? पाच-पाच मिनिटं लोक पंखे पाहत बसतात."

"ढग बांधाले वेळ लागते सर. प्रश्नालेही लागते."

आता त्यांच्या अभिमानाविषयी सांगितलं पाहिजे, कारण तोही भरपूर होता. तरुणपणी त्यांनी विदर्भातल्या उन्हाळी वादळांवर एक अभ्यास केला होता. वैशाखात बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारा आला, की आपल्याकडे गडगडाटी पाऊस होतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडमनी दाखवलं, की वारा आला त्या दिवशी पाऊस पडत नाही. दुसऱ्या दिवशी पडतो. मध्ये एका दिवसाची उसंत मिळते. कळमन्याच्या बाजारात उघड्यावर मिरची आणि धान्य पडलेलं असतं, ते उचलायला एक दिवस मिळाला म्हणजे केवढं मिळालं! त्या अभ्यासाचा पुढे अनेकांनी आधार घेतला. परिषदेत त्यांची ओळखच मुळी "उसंतवाल्या मॅडम" अशी होती, आणि ती कोणी करून दिली की त्यांची मान किंचित वर व्हायची.

घरीही त्या उसंतीवर चालायच्या. शेजारच्या मेश्राम काकू गच्चीवर कुरडया घालायच्या आधी यांना विचारायच्या. मॅडम सकाळचा वारा पाहून सांगायच्या, "घाला आज बिनधास्त. आलं तं उद्या येईन." कधी कधी त्याच संध्याकाळी यायचं. भिजलेल्या कुरडयांचं सुपडं घेऊन काकू दारात उभ्या.

"अपवाद आहे काकू," मॅडम म्हणायच्या.

"तुमचा अपवाद लय वेळा येऊन राहिला मॅडम," काकू म्हणायच्या.

मी हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, आणि आम्ही दोघी तेव्हा हसलो होतो.

मला काम मिळालं ते सोपं होतं. त्याच अभ्यासात पुढच्या वर्षांची भर घालायची आणि उसंत अजून तशीच आहे का, ते पाहायचं. त्यावर माझं भाषणही ठरलं, नागपूरच्याच परिषदेत, माझं पहिलं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट इथं सांगते. पर्जन्यमापकातलं पाणी सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आकडा त्या सकाळच्या तारखेला लिहितात. म्हणजे सोमवारी संध्याकाळी कोसळलेला पाऊस कागदावर मंगळवारचा होतो. यात कोणाची चूक नाही. तशी पद्धत आहे. पण वाऱ्याची तारीख ज्या त्या दिवसाची असते. म्हणून वारा आणि पाऊस शेजारी ठेवायचे, तर आधी पावसाची तारीख एक दिवस मागे घ्यावी लागते. आम्ही त्याला तारखा सरळ करणं म्हणतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे शिकवतात. मला मॅडमनीच शिकवलं होतं.

मी तालुक्यांच्या जुन्या नोंदी नव्यानं मागवल्या, तारखा सरळ केल्या, आणि उसंत नाहीशी झाली. वारा आला, की त्याच संध्याकाळी वादळ. मी घाबरून तारखा होत्या तशा ठेवून पाहिल्या. उसंत परत आली. पुन्हा सरळ केल्या. पुन्हा गेली. मॅडमच्या अभ्यासात वेधशाळेच्या नोंदी सरळ केलेल्या होत्या. तालुक्यांच्या, ज्या कितीतरी जास्त होत्या, त्या तशाच राहिल्या होत्या. ती एका दिवसाची उसंत आकाशात कधी नव्हतीच. ती कागदावर होती.

मी घरी गेले. आमच्या घरात कोणाला यातलं काही कळणार नव्हतं, तरी सांगितलं. माझ्या प्रबंधावर मॅडमची सही व्हायची आहे, आणि भरल्या सभागृहात त्यांच्या आयुष्याचं काम चूक आहे असं मला म्हणायचं आहे, एवढं त्यांना नीट कळलं.

वडील म्हणाले, "ज्याच्या घरचं खाल्लं, त्याची चूक चारचौघाइत काढाची नसते माय."

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मंग खोटं सांगाले शिकवलं का त्या बाईनं तुले?"

मी नागपूरला परत आले आणि मॅडमच्या खोलीत जाऊन दोन्ही आलेख त्यांच्यापुढे ठेवले.

त्या मोठ्या मनानं हसल्या, असं लिहायला मला आवडलं असतं. त्या हसल्या नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पुन्हा कर."

"तीनदा केलंय मॅडम."

"मग चौथ्यांदा कर, गावंडे."

माझ्याशी खासगीत त्या कधी अशी पुस्तकी भाषा बोलल्या नव्हत्या, आणि आडनावानं तर कधीच हाक मारली नव्हती. पुढचे काही दिवस असेच गेले. त्यांनी सगळ्या नोंदी माझ्याकडून घेतल्या आणि दार लावून स्वतः करत बसल्या. चहाला बोलावलं नाही. देशकर सरांनी मला जिन्यात अडवून विचारलं, "काय केलं तू? ती दोन दिवस माझ्याशी भांडली नाही." मी घाईत असल्याचं सांगून खाली उतरले. मी भाषण मागे घ्यायचं ठरवलं. तब्येतीचं कारण सांगून टाकू, असं मनाशी पक्कं केलं.

तेच सांगायला मी सकाळी गेले, तर त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि टेबलावर दोन कप होते.

"मी विचारलंच नाही वं त्यायले," मॅडम म्हणाल्या. मी आत येऊन बसायच्या आधीच बोलायला लागल्या. "तालुक्याच्या नोंदी आल्या तेव्हा तारखा सरळ करून आल्या असतीन, असं धरून चालले. एक प्रश्न विचाराचा होता. नाही विचारला." मग म्हणाल्या, "मेश्राम काकूच्या कुरडयाइनं किती वर्षं मले सांगितलं, पाहा. मी अपवाद म्हणत राहिली."

आम्ही दोघी हसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पाहिलं नसल्याचं दाखवलं.

"शीर्षक बदल भाषणाचं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुम्हीच मांडा ना. तुमचंच काम आहे."

"मी मांडलं तं लोक म्हणतीन, बाई किती मोठ्या मनाची. अन् जेवाले जातीन. तू मांडलं तं घरी जाऊन आपापल्या तारखा तपासतीन. अन् नाव घेशीन माझं. 'पूर्वीच्या एका अभ्यासात' असं गुळमुळीत बोलाचं नाही."

परिषदेत माझ्या सत्राच्या अध्यक्ष त्याच होत्या. त्यांनी ती खुर्ची देशकर सरांना दिली. "स्वतःच्या चुकीच्या सत्राले स्वतःच कसं बसू," एवढंच कारण सांगितलं. सकाळी तर्री पोह्यांच्या टेबलाशी त्या दिसल्या, मग कुठे गेल्या कोण जाणे. मी व्यासपीठावर चढले तेव्हा पुढच्या रांगांत त्या नव्हत्या.

भाषण मी पाठ केलं होतं, त्यामुळे तोंड चालू राहिलं. "उमाटे यांच्या अभ्यासात" हे शब्द आले तेव्हा पुढच्या रांगेतल्या काही माना वर झाल्या. मी पहिला आलेख दाखवला. मग तारखा सरळ केलेला दुसरा. सभागृहात कोणीतरी "अरे" म्हटलं. मी कसंबसं शेवटापर्यंत पोचले आणि उभी राहिले.

प्रश्न आला नाही. नियमाप्रमाणे पहिला प्रश्न पिवळ्या फितीचा. पण नवख्या पोरांनी असल्या भानगडीत तोंड घालायचं कसं? पंख्यांचा आवाज यायला लागला. पुढे एक हात वर झाला. देशकर सर गडबडले, आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी आपला तळहात टेबलावर आडवा धरला. त्यांना ते नीट जमलं नाही. मोटार थांबवल्यासारखा वाटला तो हात. पण समोरचा हात खाली गेला.

मग अगदी मागून, नवख्यांच्या रांगेतून, एक हात वर झाला. बांगडी आणि सुती साडीचा काठ मी ओळखला.

"निर्मला," देशकर सर माईकवरच म्हणाले, "नियम तुझाच आहे. पहिला प्रश्न—"

मॅडम उभ्या राहिल्या आणि खांदा थोडा पुढे केला. पदरावर पिवळी फीत टाचलेली होती.

"सकाळी नोंदणीच्या टेबलावरून घेतली," त्या म्हणाल्या. "या विषयात मी आजपासून नवीन आहे."

सभागृह हसलं, पण त्या हसण्यातही सगळे कान टवकारून होते. कोणीतरी माईक मागे पोचवला.

"मला समजलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा सांगा. तारखा सरळ केल्यावर माझ्या निष्कर्षातलं उरतं काय?"

त्यांनी मला "सांगा" म्हटलं, तेव्हा माझे पाय स्थिर झाले. हे वाक्य मी व्हरांड्यात किती पोस्टरांपुढे ऐकलं होतं! पुन्हा सांगायचं, एवढंच तर होतं. मी म्हणाले, "मॅडम, उसंत उरत नाही. पण वाऱ्याची दिशा उरते. सकाळी तो वारा दिसला, तर वादळ त्याच संध्याकाळी येतं, आणि हे पहिल्यापेक्षाही जास्त वेळा खरं ठरतं. इशारा बरोबर होता. मुदत चुकली होती."

"म्हणजे वाळवण त्याच दुपारी उचलायचं."

"हो मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या. मग माईक परत द्यायच्या आधी सभागृहाकडे वळल्या. "हे काम मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा समोर फार मोठे लोक होते. सगळ्यांनी अवघड प्रश्न विचारले. तारखा सरळ केल्या का, हा सोपा प्रश्न कोणी विचारला नाही. मागच्या रांगेत कोणाला तो सुचला असेलही. तेव्हा मागची रांग बोलत नसे."

त्या खाली बसल्या. आणि त्यांच्या आजूबाजूला पिवळ्या फिती लावलेले हात वर यायला लागले, इतके की देशकर सरांना कोणाला आधी घ्यावं ते सुचेना. त्या दिवशी त्यांना स्वतःची टिप्पणी द्यायला वेळच उरला नाही.

जेवणाच्या वेळी मी ताट घेऊन खांबाशी गेले. भीतीनं नाही, सकाळपासून उभीच होते. थोड्या वेळानं मॅडम आल्या आणि माझ्या शेजारी खांबाला टेकल्या.

"आज दोघीही टेका देऊ," त्या म्हणाल्या. "पाय गेले माये माझे."

त्यांनी भाताचा घास घेतला.

"राग आला होता मले," त्या म्हणाल्या. "तुया नाही." मग घास गिळून म्हणाल्या, "तुयाही आला होता. खोटं कायले बोलू."

"आता?"

"आता भूक लागली." त्यांनी माझ्या ताटातली संत्रा बर्फी उचलली. "मले साखर मना आहे. तुया ताटातली चालते."

मला इतकं हलकं वाटलं, की संध्याकाळी बसमध्ये कळमेश्वर आल्याचं मला कंडक्टरनं सांगितलं. वडील फाट्यावर घ्यायला आले होते. "काय म्हणाली बाई?" त्यांनी विचारलं. "माझ्या ताटातलं खाल्लं," मी म्हणाले. ते गाडीला किक मारायचं विसरून तसेच पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "मंग झालं तं."

प्रबंधावर त्यांची सही झाली. मला अमरावतीच्या एका महाविद्यालयात नोकरी लागली. मॅडम निवृत्त झाल्या, पण परिषदेला येत राहिल्या, बूट घालून, प्रत्येक पोस्टरपुढे "सांग" म्हणत. आता त्या मुलीकडे नाशिकला राहतात आणि आम्ही फोनवर बोलतो. त्यांना मी समोरासमोर शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात, नागपूरच्या धंतोलीत.

सकाळी देशकर सरांचा फोन आला. "निर्मलाले भरती केलं. छातीत दुखून राहिलं होतं." त्याच सकाळी मला परिषदेचं पत्र आलं होतं: यंदाच्या एका सत्राच्या अध्यक्षपदी माझी निवड झाली होती. ते मॅडमना फोन करून सांगायचं म्हणून मी फोन हातात घेतला, तर तो आधीच वाजला.

बसमध्ये मी फार वाईट विचार केले. धंतोलीत उतरले तर गल्ल्या नेहमीसारख्याच. दवाखान्याला लागून दवाखाना, डबे घेऊन उभे असलेले गावोगावचे नातेवाईक, रिक्षावाल्यांच्या हाका. लिफ्टची वाट न पाहता मी जिना चढले. खाली चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी खोली सांगितली होती. दार अर्धं उघडं होतं आणि आत डॉक्टरांची फेरी चालू होती.

मी दारातच थांबले. पुढे मोठे डॉक्टर, त्यांच्यामागे त्यांचे सहायक, त्यांच्यामागे शिकणारे, अशी उतरती रांग. सगळ्यांत मागे एक किडकिडीत मुलगी, पांढरा अंगरखा जरा मोठाच झालेला, पाठ भिंतीला लावून उभी. पलंगावर मॅडम. चेहरा उतरला होता, पण डोळे जागचे जागी होते.

"हृदयाची नळी मोकळी झाली आहे. आता घाबरायचं काही कारण नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. मग ते मागे वळले. "कोणाला काही विचारायचं आहे?"

पहिल्या सहायकानं घसा साफ केला. तेवढ्यात चादरीखालून एक हात निघाला. मनगटात सलाईनची सुई होती. तळहात आडवा झाला.

"डॉक्टर," मॅडम म्हणाल्या, "आधी मागच्या त्या पोरीले विचारू द्या."

डॉक्टर गोंधळले. सहायक एकमेकांकडे पाहू लागले. उशाशी यंत्र टुकटुकत होतं. मॅडम त्या मुलीकडे पाहत राहिल्या. ती पाहण्याची तऱ्हा मला पाठ होती. घाई न करणारी.

मुलीनं भिंत सोडली. "आजी," ती म्हणाली, "रात्री झोप लागली का?"

"नाही लागली वं," मॅडम म्हणाल्या. "हे यंत्र उशाशी बोंबलून राहिलं. कालपासून इतके जण येऊन गेले, हे कोणी विचारलंच नाही."

मोठे डॉक्टर हसले. त्यांनी स्वतः वाकून यंत्राचा आवाज कमी केला. मला आता राहवेना. मी दार ढकलून आत पाऊल टाकलं. अध्यक्षपदाची बातमी ओठांवर होती. मॅडमनी मला पाहिलं. ओळखीचं हसू पूर्ण चेहऱ्यावर पसरलं. पण त्या मुलीला दुसरा प्रश्न सुचला होता, तिचं तोंड नुकतंच उघडत होतं, आणि मॅडमचा तळहात माझ्याकडे वळला, चादरीवर चार बोटं उंच, आडवा.

मी थांबले.